मदत हवी आहे: नववीचे ६२ जण, २१ बाक आणि गटात गणित

नमस्कार. मी पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावात हायस्कूलला गणित शिकवते. एक सर निवृत्त झाले, ती जागा अजून भरली नाही, म्हणून जूनपासून नववीच्या दोन्ही तुकड्या गणिताला एकत्र बसतात. खोली २० बाय २४ फूट, मुलं ६२. माणशी आठ चौरस फूटही येत नाहीत. चार फुटी लोखंडी बाक (२०१९च्या पुरात जुने लाकडी फुगून गेले, त्यानंतर मिळालेले), तीन रांगा, रांगेत सात. रुंदीतले १२ फूट बाकांनीच खाल्ले. उरलेल्या आठ फुटांत चार वाटा, दोन-दोन फुटांच्या, आणि त्यातच दप्तरं.

तरीही मला मुलांना गटात बसवायचंय. का, ते सांगते. बाह्यकोनाचं प्रमेय (त्रिकोणाचा बाहेरचा कोन म्हणजे आतल्या, त्याला न लागून असलेल्या दोन कोनांची बेरीज) चालू होतं. मी फळ्यावर दोनदा सिद्ध करून दाखवलं, माना हलल्या, पण डोळ्यांत काही दिसेना. मग म्हटलं, शेजारणीला समजावून सांगा. जूनपासून तोंड न उघडलेली एक मुलगी वहीवर बोट ठेवून सांगत होती, "अगं, एकशेऐंशी सरळ रेषेत बी हाय आन् त्रिकोनात बी हाय. हा आतला कोन दोन्हीकडनं काढ. उरलं ते सारखंच की." इतकं स्वच्छ मलाही सांगता आलं नव्हतं. त्या दिवसापासून नुसती फळ्यावरची गणितं उतरवून द्यायला मन घेत नाही.

पण मागच्या आठवड्यात घात झाला. सहा-सहाचे गट करायला बाक समोरासमोर फिरवले होते, मधली वाट बुजली. त्रिकोणाच्या रचना चालू होत्या, एकाच्या हातात उघडं कर्कटक (अंतर मोजायचं, दोन्ही टोकं अणकुचीदार असलेलं). दप्तराच्या पट्ट्यात त्याचा पाय अडकला आणि टोक समोरच्या मुलीच्या तळहातात, अंगठ्याच्या खाली गेलं. आरोग्य केंद्रात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जखम भरतेय. पण तिला दारापर्यंत आणायला दोन बाक ओढावे लागले, हे काही डोक्यातून जात नाही. कुणाला दम लागला असता, वायरीतून धूर निघाला असता तर? दाराचं एक झडप वर्षानुवर्षं खिटी घालून बंद, हे मला त्याच दिवशी दिसलं.

मुख्याध्यापक म्हणाले, गट बंद करा. त्यांची काळजी मला समजते. पंधरा दिवस मागून घेतलेत.

आतापर्यंत एवढं केलंय: तास चालू असताना दाराची दोन्ही झडपं उघडी. प्रोजेक्टरची जमिनीवरून जाणारी वायर काढून टाकली. बाकांच्या पायांना रबरी बूच बसवले, आता कर्कश आवाज नाही आणि बोटंही चेमटत नाहीत. दप्तरं व्हरांड्यात ठेवून पाहिली, पण पावसाची झड थेट आत येते.

दहावीच्या एका जुन्या बॅचने १८,००० रुपये दिलेत. नवे बाक त्यात होणार नाहीत, आणि ठेवायला जागाही नाही. बाक न हलवता गट कसे करता येतील? गटाला मिळून लिहायला काय द्यावं? वही एकाच्याच हातात राहते, बाकीचे वाकून बघतात. आणि रचनांच्या तासाला टोकदार साधनांचं काय करता?

प्रतिसाद, कराडहून

ताई, बाक पाठीचे आहेत की बिनपाठीचे? बिनपाठीचे असतील तर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बाकावरच्यांना फक्त मागे तोंड करून बसवा. बाक जागचा हलत नाही, वाटा मोकळ्या राहतात. सातवा बाक तिघांचाच गट. पण सहा जणांना एकच काम देऊ नका, दोघं करतात आणि चौघं बघतात. काम तिघांत, आणि उत्तर समोरच्या तिघांशी ताडून बघायचं.

रचनांच्या दिवशी कुणी वळायचं नाही. आणि कर्कटक लागतंच कशाला? अंतर कंपासनेही घेता येतं. मी कर्कटक पेटीबाहेर काढूच देत नाही. कंपास बाकाला एकच, काम झालं की टोकाला खोडरबर टोचून ठेवायचा.

दप्तरांसाठी वेल्डरकडून बाकाच्या खाली, आतल्या बाजूला हुक लावून घ्या. बाहेरच्या बाजूला लावलेत तर गुडघे फुटतील.

प्रतिसाद, मिरजेहून

लिहायला पांढरा, चकचकीत सनमायका घ्या. ८ बाय ४ फुटांच्या एका शीटमधून २ फूट बाय १६ इंचाचे १२ तुकडे निघतात, म्हणजे दोन शीटमध्ये तुमचे २१ बाक भागून तीन उरतात. मागे हार्डबोर्ड चिकटवा, नुसता सनमायका वाकतो. कडा मात्र पॉलिश पेपरने घासून त्यावर टेप लावाच, कापलेली कड ब्लेडसारखी असते. आणि दुकानातच कोपऱ्यावर मार्करने रेघ मारून पुसून बघा. खरखरीत शीटवरचा डाग निघत नाही.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बाक बिनपाठीचेच आहेत. आज शाळा सुटल्यावर मी स्वतः पहिल्या बाकावर उलटी बसून पाहिलं. मागच्या बाकाची दप्तराची फळी गुडघ्याला लागते, ती चार इंच आत घ्यायला वेल्डरला सांगितलंय. हुकही त्याच्याकडूनच. सनमायका शनिवारी सांगलीहून आणते.

एक विचारायचं राहिलं. वर्गात एक मुलगा पायाला आधाराचा कॅलिपर लावून चालतो. त्याला वळायला लागू नये म्हणून दाराजवळच्या रांगेत दुसऱ्या बाकावर, वाटेच्या कडेला बसवायचं ठरवलंय. पण वर्गाची घाईने बाहेर पडायची वेळ आली तर त्याच्या मागचे पाच बाक त्याच वाटेने येणार. अशा मुलासाठी तुम्ही जागा कुठे ठेवली होती?