पोट फक्त श्रीमंतांचं सुटतं?

नेहमी ऐकू येतं की लठ्ठपणा म्हणजे सुखवस्तू घरच्या बायकांचं दुखणं. एकेकाळी ते बरंचसं खरं होतं, आता नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५-०६ साली १२.६ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या होत्या, २०१९-२१ मध्ये २४ टक्के. त्यात शहरी ३३ आणि ग्रामीण जवळपास २०, म्हणजे वजनात दरी अजून आहे. पण त्याच फेरीत पोटावरच्या चरबीचा अंदाज देणारं कंबर आणि नितंबांचं गुणोत्तरही मोजलं गेलं. ते धोक्याच्या पातळीवर असलेल्या शहरी स्त्रिया सुमारे ६० टक्के, ग्रामीण ५५! पोटावरच्या चरबीत दरी जवळजवळ उरलीच नाही.

हातपाय काटकुळे, वजनकाटा 'ठीक' म्हणतो आणि पोट मात्र पुढे, अशी बाई आपल्याकडे घरोघर दिसते. पुण्यात मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंय की इथली कमी वजनाची बाळंही तुलनेने जास्त चरबी घेऊन जन्मतात. म्हणजे आईच्या कुपोषणापासूनच ही गोष्ट सुरू होते. त्यावर स्वस्त तेल, साखर, भात-पोळीवर भागवलेलं जेवण, डाळ-दूध शेवटी उरलं तर. अशा बाईला 'खाणं कमी कर' सांगणं मला क्रूर वाटतं. तपासणीत वजनाबरोबर कंबरही मोजा, टेपला खर्च तो किती?