मदत हवी आहे: पित्त एका जंतूला थांबवतं आणि दुसऱ्याला उठवतं, असं का?

नमस्कार मंडळी, मायक्रोबायोलॉजीच्या एम.एस्सी.ला आहे, सेमिनारला 'पित्त आणि आतड्यातले जंतू' हा विषय घेतलाय आणि एका ठिकाणी गाडी पार अडकलीय. जाणकारांनी प्लीज बघा.

जेवढं कळलंय ते आधी सांगते. पित्तक्षार साबणासारखे चरबी फोडतात, जंतूच्या पडद्यातही चरबीच असते, म्हणजे तो विरघळायला हवा. पण ई. कोलाय, साल्मोनेला, शिगेला ही ग्राम-निगेटिव्ह (म्हणजे बाहेरून आणखी एक पडदा असलेली) मंडळी निवांत असतात, कारण बाहेरून एलपीएसचा (चरबी आणि साखरेच्या मोठ्या रेणूंचा) थर आणि त्यातूनही जे पित्त आत शिरेल ते अ‍ॅक्रएबी-टॉलसी पंप उचलून बाहेर टाकतो (हाच पंप बरीच अँटिबायोटिक्स पण बाहेर काढतो, म्हणजे त्यांचं आयतंच फावतं). मॅकॉन्की आगरात (लॅबमध्ये जंतू वाढवायचं एक माध्यम) पित्तक्षार असतात ते त्यामुळेच, ई. कोलायच्या गुलाबी कॉलनी मस्त येतात आणि बहुतेक ग्राम-पॉझिटिव्ह (तो बाहेरचा पडदा नसलेले) उगवतच नाहीत. इथपर्यंत ओके.

घोळ पुढे आहे. शिगेलाकडे पेशीत प्रोटीन टोचायची एक सुई असते, तिच्या टोकाला आयपीएडी नावाचं प्रोटीन असतं, त्याला डीऑक्सीकोलेट (एक पित्तक्षार) चिकटलं की त्याचा आकार बदलतो आणि आयपीएबी हे दुसरं प्रोटीन येऊन टोकावर बसतं, म्हणजे पेशीला टेकायचाच अवकाश. आणि साल्मोनेलात? तिथे पित्ताने एसपीआय-१ चे, म्हणजे पेशीत घुसायचेच जीन्स दाबले जातात! दोघंही तोंडावाटे येणार, त्याच आतड्यातून जाणार, मग हे उलटं कसं? शिवाय पित्तात शिगेला बायोफिल्म (जंतूंचा चिकट थर) करते म्हणतात, मग ती तिथेच चिकटून बसली तर हल्ला कधी करणार? सरांना विचारलं तर म्हणाले वाच अजून.

प्रतिसाद १
कोण कुठे घुसतं ते बघ, निम्मं कोडं तिथेच सुटेल. साधारण ९५ टक्के पित्तक्षार छोट्या आतड्याच्या शेवटी, इलियममध्ये, परत शोषले जातात. साल्मोनेला मुख्यतः तिथेच शेवटाकडे घुसते, त्यामुळे भरपूर पित्त म्हणजे 'अजून वरच आहेस, ताकद वाया घालवू नको'. शिगेलाचं ठिकाण त्याच्याही पुढे, मोठं आतडं. ती वाटेत पित्तातून जाताना तयारी करून ठेवते. बायोफिल्मचं पण तेच, पित्तक्षार आणि ग्लुकोज दोन्ही असताना ती बनते आणि पित्त काढून घेतलं की विखुरते, म्हणजे मोठ्या आतड्यात पोचेपर्यंत जंतू सुटे आणि सज्ज. मला तरी हे पटतं, पण आतड्यात पित्त सोडून ऑक्सिजन, आम्लता असे इतर इशारेही असतात, सगळं श्रेय पित्ताला देऊ नकोस.

प्रतिसाद २
+१. कॉलरा पण घे सेमिनारमध्ये. तो जंतू छोट्या आतड्यातच राहून काम करतो, आणि टॉरोकोलेट (हाही पित्तक्षारच) लागलं की त्याच्या टीसीपीपी प्रोटीनच्या जोड्या होतात आणि टॉक्सिनकडे जाणारी साखळी सुरू होते. त्याच्यासाठी पित्त म्हणजे मुक्काम आला.

धागाकर्ती
दोघांनाही खूप खूप धन्यवाद, जीव भांड्यात पडला. पण मग टायफॉइडची साल्मोनेला थेट पित्ताशयात कशी राहते, तिथे तर पित्त सगळ्यात घट्ट असतं ना?

प्रतिसाद १
अगं तिथे तिला काही पेशींवर तुटून पडायचं नसतं, टिकून राहायचं असतं. पित्ताचे खडे असतील तर त्यांच्यावर बायोफिल्म करून बसते आणि आतड्यात थोडी थोडी सुटत राहते, माणूस वरून ठणठणीत. मेरी मॅलन आठवते ना, स्वयंपाकीण होती, स्वतःला काही त्रास नाही आणि जिथे काम करेल तिथे टायफॉइड. सरांनी प्रश्न विचारलाच तर हे उदाहरण टाक. आणि स्लाइडवर जीन्सच्या नावांची लांबलचक यादी नको, आतड्याचं एक चित्र काढ, पित्त कुठे किती आणि कोण कुठे घुसतं एवढं दाखव.