सेल्फ घेते, इंजिन फिरतं, पण गाडी पकडतच नाही (घणसोली)

घणसोलीकर
मंडळी जरा मदत करा. २०१२ ची तीन सिलेंडर हॅचबॅक आहे, पेट्रोल आणि बाहेरून बसवलेलं सीएनजी किट (कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जातो). आठ दिवस गावी होतो, गाडी सोसायटीच्या मागे नाल्याकडेला उघड्यावर, आणि पाऊस कसा झोडपत होता ते इकडच्यांना सांगायला नको. आल्यावर सेल्फ मारला तर इंजिन मस्त गरगर फिरतं पण पकडत नाही, एकदा फटकसुद्धा नाही. बॅटरी १२.५ दाखवते. चावी फिरवली की मागून पेट्रोल पंपाचा दोन सेकंद झुंऽऽ आवाज येतो. किटचं बटण दाबून धरून डायरेक्ट गॅसवर पण ट्राय केलं, तेच. एका मेकॅनिकने बॉनेट उघडून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) गेला, १८ हजार. बायको म्हणते विकून टाक.

ठाणे_पूर्व
दादा सेकंड गिअरला टाकून धक्का मारून बघ. प्लग ओले झाले असतील, माझी गेल्या पावसात अशीच चालू झालेली.

जुना_वायरमन
धक्का नका मारू हो. धक्का कधी, तर सेल्फ इंजिन फिरवत नसेल तेव्हा. इथे इंजिन फिरतंयच की, मग माणसं लावून वेगळं काय होणार? उलट न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा डबा) जातं, पुढे गाडी पकडली की ते तिथे पेटून कन्व्हर्टरची वाट लागते. सेल्फ पण सलग पाच-सात सेकंदांच्या वर नको, मध्ये थांबा.

तुम्ही गॅसवर ट्राय केलंत ते बरं केलंत. पेट्रोलवर नाही आणि गॅसवरही नाही म्हणजे दोन्हीकडे जे कॉमन आहे तिथे बघायचं, ते म्हणजे करंट. आता एक कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देते ती, दर सिलेंडरला एक) किंवा एक प्लग गेला असता तर गाडी थरथरत, खोकत का होईना चालू झाली असती. तीन कॉइल एका रात्रीत मरत नाहीत. फटकसुद्धा नाही म्हणता, म्हणजे तिघांच्या आधीचं काहीतरी गेलंय. फ्यूज, रिले, नाहीतर क्रँक सेन्सर. इंजिन नक्की कुठल्या पोझिशनला आहे ते हा सेन्सर सांगतो, त्याचा सिग्नल नाही आला तर ईसीएम ठिणगी सोडतच नाही, बिचारा ईसीएम चांगला असूनसुद्धा.

दोन गोष्टी बघा. चावीच्या चित्राचा लाइट लुकलुकतो का, लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चावी ओळखली नाही तर इंजिन चालू होऊ न देणारं चोरीविरोधी लॉक), दुसऱ्या चावीने ट्राय करा. आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का? बऱ्याच गाड्यांत तो थोडा तरी उचलतो. ठार झोपलेला असेल तर माझा संशय क्रँक सेन्सरवर. प्लग काढून इंजिनला टेकवून ठिणगी बघायचा उद्योग घरी करू नका, हजारो व्होल्ट असतात आणि बाजूला गॅस, ते टेस्टरवाल्याला करू दे.

पामबीच_पॅसेंजर
नाल्याकडेला आठ दिवस? उंदीर बघा आधी. आमच्या नेरुळला एसीची वायर दोनदा खाल्ली.

घणसोलीकर
काटा ढिम्म. चावीचा लाइट येतो आणि विझतो, म्हणजे ते नाही. फ्यूज ठीक. उद्या कोपरखैरणेहून ओळखीचा इलेक्ट्रिशियन स्कॅनर घेऊन येतोय.

घणसोलीकर
अपडेट. स्कॅनरला कोड आला पी०३३५, क्रँक सेन्सर सर्किट. मी लगेच सेन्सर मागवायला निघालेलो, तो म्हणाला थांबा साहेब, सर्किट म्हणजे सेन्सरच असं नाही. खाली हात घालून कनेक्टर ओढला तर पिन हिरव्यागार, आणि वितभर अलीकडे वायरचं इन्सुलेशन कुरतडलेलं, एक तार अक्षरशः दोन केसांवर लटकलेली. वर अर्धा बिस्किटाचा पुडा आणि लेंड्या. पामबीच भाऊ, मानलं तुम्हाला. वायर जोडून सोल्डर, स्लीव्ह, पिना साफ, सेन्सर जुनाच. पहिल्या सेल्फला चालू. ६५० रुपये झाले, मी ७०० दिले.

जुना_वायरमन
छान. १८ हजारवाल्याला सांगू नका, चिडेल. महिन्याभराने तो जोड परत बघा, पिनांवर हिरवं दिसलं तर कनेक्टर बदलून टाका. आणि पुडा कोणाचा ते शोधा आधी.

घणसोलीकर
मुलाचा. कबूल झालाय.