गिट क्लोन अर्ध्यावर तुटते, पुन्हा पहिल्यापासून सुरू

सांगेकर: सर्व्हर पणजीत, आम्ही सांग्यात. रेपो (कोड आणि त्याचा सगळा इतिहास असलेले गिटचे भांडार) ४ जीबी. पावसात लाइन सारखी जाते आणि क्लोन (रेपोची प्रत उतरवणे) परत शून्यावर. पोस्टबफर (गिटची एक सेटिंग) वाढवला, काही फरक नाही.

डिचोलीचा_डेव्ह: पोस्टबफरचा इथे संबंधच नाही, तो एचटीटीपीवरून पुश करताना, म्हणजे बदल सर्व्हरकडे पाठवताना लागतो. क्लोन तुटले की गिट तिथून पुढे चालू करत नाही, म्हणून बंडल करा. सर्व्हरवर गिट बंडल क्रिएटला --ऑल देऊन एकच फाइल बनवा आणि ती आरसिंकने (फाइली कॉपी करणारे साधन) --पार्शल लावून ओढा. लाइन गेली तर तोच आदेश पुन्हा द्या, आलेला भाग वाया जात नाही. मग त्या फाइलवरून क्लोन, रिमोट सेट-यूआरएलने ओरिजिन (गिट जिथून बदल आणते तो पत्ता) पणजीकडे वळवा, आणि फेच करून नवे बदल आणा. नंतर फक्त नवे कमिट (इतिहासात नोंदवलेले बदल) येतील. (ती फाइल पेनड्राइव्हवर कदंब बसमधून आली तरी चालते!)

फोंडा_टर्मिनल: पूर्ण इतिहास लागतो का? नसेल तर क्लोनला --फिल्टर=ब्लॉब:नन द्या. कमिट सगळे येतात, जुन्या फाइलींचा मजकूर मागाल तेव्हा. सर्व्हरवर अपलोडपॅक.अलाउफिल्टर ही सेटिंग चालू हवी. पण लाइन नसताना ब्लेम (कुठली ओळ कोणी बदलली ते पाहणे) केलेत तर अडकाल. नुसत्या बिल्डसाठी --डेप्थ १ (फक्त शेवटचा कमिट) पुरे.

सांगेकर: इतिहास लागतो, बंडलच करतो. रेपोत जुने व्हिडिओ आहेत, ते डिलीट करू?

डिचोलीचा_डेव्ह: नुसते डिलीट करून आकार घटत नाही, इतिहासात राहतातच. फिल्टर-रेपोने (इतिहास नव्याने लिहिणारे साधन) काढावे लागतील. त्यात कमिटचे हॅश (ओळख-क्रमांक) बदलतात, सगळ्यांना नव्याने क्लोन करावे लागेल. आधी टीमला विचारा.