चौघांचे बोलणे आणि एकच घटना: दृष्टिकोन शब्दांत नेमका कुठे दिसतो?

प्रश्न

पुढील चार ओळी माझ्याच आहेत.

आपण घर सोडले, आई म्हणाली.
आम्ही घर सोडले, बाबा म्हणाले.
घर सुटले, आजी म्हणाली.
धाकटा म्हणाला, घर गेले म्हणे.

एका जाणकार मित्राचे म्हणणे असे की चौघेही एकच माहिती सांगतात, म्हणून प्रत्येकाच्या मनःस्थितीचे एखादे विशेषण घालावे. मला मात्र फरक भाषेतच आला आहे असे वाटते. तो वाचकापर्यंत पोहोचतो का?

प्रतिसाद १

पोहोचतो, आणि विशेषणे घातलीत तर तो बुजेल. ‘आपण’ म्हणताना आई ऐकणाऱ्यालाही त्या निर्णयात सामील करून घेते, तर ‘आम्ही’ म्हणणारे बाबा त्याला बाहेर ठेवतात. मराठीत हा भेद सर्वनामातच असल्यामुळे तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आजीच्या ओळीत तर घर सोडणारा कोणी उरलेलाच नाही. ‘सोडले’ हे सकर्मक क्रियापद कोणाकडे तरी बोट दाखवते, ‘सुटले’ दाखवत नाही, त्यामुळे तिने दोष देणे टाळले की दुःख झाकले, हे ठरवणे वाचकावर येते.

प्रतिसाद २

‘म्हणे’ या शब्दाकडेही पाहावे. ती सांगोवांगीची खूण आहे. धाकटा त्याच घरातला असूनही ऐकीव बातमी सांगावी तसा बोलतो, म्हणजे त्याला कोणी विचारलेच नसावे. (‘म्हणाला’ आणि ‘म्हणे’ एकाच ओळीत आल्याने कानाला थोडे खटकते.) मला अधिक रोचक वाटले ते असे की सोडले, सुटले आणि गेले ही तिन्ही रूपे नपुंसकलिंगी एकवचनी आहेत, कारण ती ‘घर’ या शब्दाशी जुळतात. बोलणारे बदलत जातात, क्रियापद मात्र घराला धरून राहते.

प्रतिसाद ३

भाषाच एवढे सांगत असेल, तर ‘आई म्हणाली’, ‘बाबा म्हणाले’ या खुणा हव्यात कशाला?

प्रतिसाद १

निदान पहिल्या ओळीत हवी. ‘आपण’ हे आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणूनही वाचता येते, आणि बोलणारी आई आहे हे कळले नाही, तर सहभागाऐवजी आरोप ऐकू येईल.

प्रश्नकर्ता

आरोपाचा हा अर्थ माझ्या ध्यानातच आला नव्हता. पहिल्या तीन खुणा ठेवतो आणि ‘धाकटा म्हणाला’ एवढेच काढून पाहतो. ज्याला कोणी विचारले नाही, त्याचे नावही ओळीत नसलेले बरे.