कॉलेज फुटबॉलचं वेळापत्रक टीव्हीवाल्यांनी का ठरवावं?

सिएटलकर:
अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा सामना किती वाजता लागणार आणि कुठला संघ कुठल्या कॉन्फरन्समध्ये (म्हणजे आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) जाणार, हे आता टीव्हीच्या पैशावर ठरतं. माझा याला ठाम विरोध आहे. आमच्या पश्चिमेकडची पॅक-१२ ही कॉन्फरन्स टीव्हीचा चांगला करार मिळेना म्हणून २०२३ मध्ये फुटली. कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि बर्कली आज पार पूर्वेकडच्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळतात! वॉशिंग्टन स्टेट आणि ऑरेगन स्टेट ही विद्यापीठं मागे राहिली. वॉशिंग्टन स्टेटच्या पुलमनसारख्या लहान गावात घरचा सामना म्हणजे जत्राच असते, त्या गावाचा विचार कोणी केला?

आणि स्टेडियममध्ये जाणाऱ्यांना टीव्हीवाल्यांचा लाल टोपीवाला माणूस ठाऊक असेल. जाहिराती लागल्या की तो मैदानात येऊन उभा राहतो. तो बाजूला होईपर्यंत पंच खेळ सुरू करत नाहीत. नोव्हेंबरच्या थंडीत दोन्ही संघ आणि हजारो प्रेक्षक त्याच्याकडे बघत ताटकळतात.

कोलंबसचा_अभि:
दादा, अजिबात पटलं नाही. आधी सगळं एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या हातात होतं, तेव्हा काय होतं? एका संघाला दोन वर्षांत जास्तीत जास्त सहा वेळा टीव्हीवर यायची मुभा. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी ती मक्तेदारी मोडली. म्हणून आज शनिवारी दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत सामने दिसतात. याच पैशावर कुस्ती, पोहणं, मुलींचे संघ चालतात. २०२५ पासून खेळाडूंनाही विद्यापीठाकडून थेट वाटा मिळायला लागलाय.

सिएटलकर:
त्या दोन विरोधी मतांतलं एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांचं होतं. ते स्वतः कोलोरॅडोचे नावाजलेले फुटबॉलपटू. कॉलेजचा खेळ निव्वळ धंदा म्हणून तोलू नका, हा त्यांचा मुद्दा मला आजही पटतो.

आयोवावाली_आई:
मुलगा आयोवात शिकतो, मी न्यू जर्सीत. तिथल्या सामन्यात पहिला क्वार्टर (खेळाचा पहिला पाव भाग) संपला की सगळे प्रेक्षक शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे वळून हात हलवतात, आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांतून आजारी मुलंही हात हलवतात. २०१७ पासूनची ही प्रथा मला टीव्हीमुळेच बघायला मिळाली. जाहिराती मी आनंदाने सोसेन.

सिएटलकर:
ताई, ते दाखवलंच पाहिजे. माझी तक्रार वेळेबद्दल आहे. कितीतरी सामन्यांची वेळ जेमतेम १२ दिवस आधी कळते, कधी तर सहाच. तोवर विमानाचं तिकीट काढायचं कसं, हॉटेल कुठल्या रात्रीचं घ्यायचं? फॉक्स चॅनेलने २०१९ पासून मोठा सामना दुपारी बाराला लावायचा पायंडा पाडला. २०२४ मध्ये पेन स्टेट-ओहायो स्टेटसारखा सामनाही त्यांनी भर दुपारी घेतला. पेन स्टेटच्या पोरांनी स्टँडमधून फॉक्सविरुद्ध घोषणा दिल्या, त्या उगाच नाही.

कोलंबसचा_अभि:
वेळेचं मान्य. पण बिग टेनचा (पेन स्टेट, ओहायो स्टेट ज्यात आहेत ती कॉन्फरन्स) ७ अब्ज डॉलरहून मोठा टीव्ही करार कोणी जबरदस्तीने लादला नाही. विद्यापीठांनी राजीखुशीने घेतलाय. चॅनेलवर राग काढून काय उपयोग?

सिएटलकर:
मग विद्यापीठांनाच जाब विचारू. एसईसी या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्सने २०२४ मध्ये सीझन सुरू व्हायच्या आधीच बहुतेक सामने दुपारी, संध्याकाळी की रात्री ते जाहीर केलं. चॅनेल तिथेही आहेच, पैसाही आहे. बिग टेनला हे करायला नेमकी काय अडचण आहे?