मदत हवी आहे: "मॅडम, ह्याच्यावर प्रश्न येणार का?"

नमस्कार मंडळी,

साक्री तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथी माझ्याकडे आहे. दोन्ही वर्ग मिळून 23 मुलं. अवांतर वाचनाच्या बाबतीत मी अडकले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या लोखंडी कपाटात दोनशेच्या वर गोष्टींची पुस्तकं आहेत. जूनमध्ये उघडलं तेव्हा कित्येकांची पानंसुद्धा सुटी झाली नव्हती. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आला की ती बाहेर निघायची, फोटो व्हायचे, संध्याकाळी कुलूप. कलामसाहेबांच्या जन्मदिनाचा हा उपक्रम 2015 पासून चालू आहे आणि मला तो मनापासून आवडतो. पण बाकीच्या दिवसांचं काय?

यंदा खिडकीच्या गजांना सुतळी बांधली, तिच्यावर पुस्तकं अडकवली आणि खिचडी खाऊन झाल्यावरची 20 मिनिटं मोकळी सोडली. हवं ते पुस्तक घ्या, हवं तिथे बसा. पहिला आठवडा नुसती झुंबड. दुसऱ्या आठवड्यापासून निम्मी मुलं पुस्तक मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसायला लागली.

चौथीतला एक मुलगा आहे. घरी अहिराणी, त्यात जोडाक्षर आलं की अडतो. परवा त्याने हरवलेल्या बकरीची एक चित्रगोष्ट घेतली. ओळीवर बोट, ओठ हलताहेत. मध्येच शेजारच्याला म्हणाला, "हिचे कान उभे काढलेत, आमच्या बकरीचे तर लोंबतात." मला इतका आनंद झाला की मी जाऊन त्याच्या शेजारीच बसले. त्याने लगेच पुस्तक मिटलं. "मॅडम, ह्याच्यावर प्रश्न येणार का?" नाही म्हटलं. "मग वहीत काय लिहायचं?" काहीच नाही म्हटल्यावर त्याने ते पुस्तक परत सुतळीवर अडकवलं आणि घंटा होईपर्यंत तसाच बसून राहिला.

तेव्हापासून मन लागत नाहीये. गोष्ट संपली की तात्पर्य लिहा, पाच प्रश्नांची उत्तरं लिहा, हे गेल्या वर्षापर्यंत मीच करून घेत होते. वाचायचं ते उत्तरासाठी, हे त्याला आम्हीच शिकवलंय. ते आता कसं विसरायला लावू? काहीच विचारलं नाही तर पोरांना वाटतं हे काम महत्त्वाचं नाही, विचारलं तर परीक्षा होते.

आणखी एक. मोठी असून अडखळत वाचणारी सहा-सात मुलं आहेत. त्यांच्यासाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून सोप्या गोष्टी छापून आणल्या. तिथे सोप्याकडून अवघडाकडे अशा वाचनाच्या चार पातळ्या आहेत, सगळं मोफत, छापून वाटायलाही परवानगी. पण शेवटच्या पानावर पातळी लिहिलेली असते. एकीने ती वाचली आणि "हे बारक्यांचं आहे" म्हणून पुस्तक दप्तराखाली लपवलं. आता मी पातळीवर कागद चिकटवते, तरी मुलांना कळतंच.

शिवाय पुस्तकं फाटताहेत. सहकारी सर काळजीने विचारतात, साठा नोंदवहीचं काय करायचं? ज्यांनी हे निभावलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (निवृत्त शिक्षक, सिन्नर)

ताई, त्या 20 मिनिटांत तुम्ही स्वतः काय करता? मुलांवर नजर ठेवत असाल तर ते थांबवा आणि तुमचं स्वतःचं पुस्तक काढून वाचा. हसू आलं तर हसा. विचारायचंच झालं तर ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर ठाऊक नाही ते विचारा. "तुमच्या बकरीचे कान कसे असतात रे?" हा प्रश्न परीक्षेचा नाही, हे पोरांना बरोबर कळतं.

आणि रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवा. ऐन रंगात आलं की थांबा, पुस्तक टेबलावर उघडं ठेवा आणि पाणी प्यायला जा.

अडखळणाऱ्यांना पहिलीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायचं काम द्या. मग सोपं पुस्तक हातात धरायची लाज वाटत नाही, ते दादा-ताईचं काम होतं. मुलं आदल्या दिवशी आपणहून चार-चारदा वाचून येतात, हे मी स्वतः पाहिलंय.

प्रतिसाद (सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल)

फाटलेली पुस्तकं मुलांबरोबर बसूनच दुरुस्त करा. सेलोटेप नको, ती पिवळी पडते आणि पान घेऊन निघते. पातळ कागद आणि घरची खळ पुरते. अगदीच गेलेल्यांची यादी करून शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा, इतिवृत्तात नोंद घ्या आणि निर्लेखनाचं, म्हणजे ती नोंदवहीतून रीतसर कमी करण्याचं, केंद्रप्रमुखांना आधीच विचारून ठेवा. कोरं पुस्तक कपाटात सांभाळण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. कोडी, छोटे किस्से, चित्रं. अख्खं पुस्तक पेलत नाही त्या मुलांना अशी दोन पानं झेपतात. आणि पुस्तकं घरी जाऊ द्या. भिलारला 2017 साली पुस्तकांचं गाव झालं, तिथे तर गावकऱ्यांच्या घरांतच पुस्तकं मांडली आहेत.

धागाकर्ती (बारा दिवसांनी)

सर, ताई, खूप आभार. पहिलीला वाचून दाखवायचं चालू केलं. बकरीचं पुस्तक त्या मुलाने स्वतःहून मागून घेतलं. पहिलं पान मराठीत वाचलं, समोरच्या दोघी कळेना म्हणून बघत राहिल्या, तसा तो चित्रावर बोट ठेवून पुढची सगळी गोष्ट अहिराणीत सांगायला लागला. कानांचं सुद्धा सांगितलं. मी अडवलं नाही. काल पुस्तक घरी नेलंय.

आता मुलांसाठी अहिराणीत छापलेल्या गोष्टी कुठे मिळतील ते कुणाला माहीत असेल तर कळवा. नाहीतर सुट्टीत दोन-चार आम्हीच लिहून काढू, मुलांच्या आज्यांना बोलावून.